गिऱ्हाईकाने आमच्या पोरावर हात उचलला, आणि मी माफी गिऱ्हाईकाची मागितली

माडाखाली | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. सल्ला हवाय, सांत्वन नको.

मालवण तालुक्यात किनाऱ्याला लागून आमचं छोटं रिसॉर्ट आहे. नऊ खोल्या, सात माणसं कामाला. वडिलांच्या वेळी नुसती खानावळ होती, खोल्या मी वाढवल्या. मागच्या शनिवारी आठ जणांचा ग्रुप उतरला. दोन गाड्या, स्पीकर स्वतःचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा. जेवणं होईपर्यंत सगळं झकास. सुरमई आवडली, सोलकढी तीनदा मागवली. साडेअकराला अंगणात गाणी सुरू झाली. बाजूच्या खोलीत एक जोडपं तान्हं बाळ घेऊन उतरलेलं, त्यांचा मला फोन आला. मी गल्ल्यावर हिशेब करत होतो. उठलो नाही. वेटर पोराला हाक मारली, "जा रे, आवाज कमी करायला सांग त्यांना."

पोरगा बावीसचा. आमच्याकडे तीन सीझन. गेला. मी खिडकीतून बघत होतो. तो हात मागे बांधून काहीतरी बोलला, त्यातल्या एकाने कॉलर धरली आणि कानाखाली मारली. एकच, पण आवाज गल्ल्यापर्यंत आला. मग, "उद्या ह्याच समुद्रात बुडवीन तुला. आणि मालकाला सांग, असा रिव्ह्यू टाकीन की टाळं लागेल."

मी धावलो. आणि हात जोडले. पोरासमोर नाही, त्या माणसासमोर. पोराला म्हटलं, "सॉरी म्हण आणि आत जा." तो म्हणाला. आत गेला.

सकाळी बिल झालं अठरा हजार चारशे. वरचे चारशे मी सोडले. हे लिहितानासुद्धा लाज वाटतेय, पण लिहायचं तर सगळंच लिहावं.

पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही. मंगळवारी त्याची आई आली. आमच्या रिसॉर्टचं नाव छापलेला टी-शर्ट, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पिशवीतून काढला आणि गल्ल्यावर ठेवला. "तुमी थंय होतास मां?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती गेली. पगाराचे बारा दिवस बाकी होते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. मारणारा बाहेरचा, मी काही त्याला मारायला सांगितलं नव्हतं. तरी मालक म्हणून माझ्यावर नेमकं काय काय येत होतं? कायद्याने, आणि कायदा सोडून.


गरवाला | रविवार, रात्री ११:२८

राग मानू नको. तुझ्या जाग्यार तुझो बापूस असतो तर त्या मेल्याक रात्रीच रस्त्यार काढल्यान असतो. माफी मागूची आसा तर त्या पोराची माग. कायदो मगे बघ.


सुरमई_थाळी | रविवार, रात्री ११:३५

सोलकढीचे पैसे तरी लावलेत का? (विषयांतराबद्दल क्षमस्व.)

अवांतर: रिसॉर्टचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करता का? दिवाळीत यायचं म्हणतोय. आठ जण आहोत. स्पीकर नाही.


किनारा_होमस्टे | सोमवार, सकाळी ६:१०

माझंही होमस्टे आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वर्षातले धंद्याचे दिवस किती? मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार. जूनपासून छपराला प्लास्टिक घालून बसायचं. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. एक वाईट रिव्ह्यू वर आला की पुढचे दोन महिने फोन वाजत नाही, हे मी भोगलंय. वॉचमन ठेवायचा तर महिन्याला पंधरा हजार. भाऊंनी हात जोडले ते त्या क्षणी शहाणपणाचंच होतं. आठ दारू प्यायलेली माणसं, दोन गाड्या, मध्यरात्र. वाढवलं असतं तर आणखी कोणाचं डोकं फुटलं असतं. पोराला नंतर आत नेऊन समजवायला हवं होतं, एवढीच चूक.

आणि सगळे पर्यटक असे नसतात, हेही लिहा कुणीतरी.


खाडीपलीकडची | सोमवार, सकाळी ७:०५

नाईट संपवून घरी चाललेय, बसमध्ये वाचलं. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली.

किनारा_होमस्टे, त्या क्षणी हात जोडणं मला समजतं. आम्हीही जोडतो. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे मण्यार चावलेली माणसं येतात. जमिनीवर झोपलेला माणूस, डंख दिसतही नाही. एका रात्री एक काका आणले, आधी दोन तास गावात मंत्र-उतारा करून. आमच्या दारात येईपर्यंत श्वास थांबत आलेला. गेले. सोबत दहा-बारा जण. इंजेक्शनचा ट्रे उडवला, काचा माझ्या पायाशी, आणि एक जण म्हणाला, "तू घरी कशी पोचतेस बघतो." डॉक्टर लेबर रूममध्ये. माझी खुर्ची भिंतीला लागून, समोर टेबल, आणि दार त्या माणसांच्या पाठीमागे. खोलीतून बाहेर पडायची वाट त्यांच्या अंगावरून. चौदा वर्षांत ही खुर्ची चुकीच्या बाजूला आहे हे त्या रात्री कळलं.

भिंतीवर २०१० च्या कायद्याचा बोर्ड होता. डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. बोर्ड वाचून कोणी थांबत नाही हो.

सकाळी साहेब म्हणाले, "सिस्टर, गावातलीच माणसं आहेत. तुम्हाला तक्रार करायची तर करा, आम्ही अडवणार नाही." आम्ही अडवणार नाही! माझ्या नवऱ्याचं त्याच बाजारात दुकान. तक्रारीवर माझं एकटीचं नाव म्हणजे त्याच्या शटरवर दगड. मी केली नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याला डॉक्टर मुलीचं ते भयंकर प्रकरण झालं. त्यानंतर १६ ऑगस्टला केंद्राच्या आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांना आणि मेडिकल कॉलेजांना पत्र काढलं: ड्युटीवरच्या माणसावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या नावाने एफआयआर, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. आमच्यासारख्या छोट्या दवाखान्याला ते पत्र थेट नव्हतं. पण वाचलं तेव्हा वाटलं, हेच तर हवं होतं. तक्रारीत सिस्टरचं नाव साक्षीदार म्हणून येऊ दे, फिर्यादी दवाखाना होऊ दे.

आमच्याकडे पुढे दुसरे साहेब आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात टेबल फिरवलं आणि मागच्या दाराचं कुलूप काढलं. एक पैसा खर्च नाही.


गरवाला | सोमवार, सकाळी ७:४०

सिस्टर, हात जोडतंय तुमका. हे हात खरे.


माडाखाली | सोमवार, दुपारी २:१५

ताई, तुमचं टेबल वाचून उठलो आणि आमचं अंगण बघितलं. तो पोरगा उभा होता तिथे मागे कुंपण आणि पुढे आठ माणसं. मी पाठवलं तिथे.

किनारा_होमस्टे, तुम्ही माझी बाजू घेतलीत, पण खरं सांगू, मी शहाणपणाने हात जोडले नाहीत. मला रिव्ह्यू दिसत होता. पोराचा गाल नंतर दिसला.


कलम_बहाद्दर | सोमवार, रात्री ९:५०

दिवसभर कोर्टात होतो. कामगारांची प्रकरणं चालवतो, त्यातलं सांगतो. हा धागा म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे, कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जाच.

आधी कडू गोष्ट. "गिऱ्हाईकाच्या मारापासून कामगाराला मालकाने वाचवलं पाहिजे" असं एका ओळीत म्हणणारा कायदा आपल्याकडे शोधून सापडणार नाही. तुकडे आहेत, ते जोडावे लागतात. आणि बरेचसे तुकडे दहा माणसांपासून सुरू होतात. तुझ्याकडे सात.

सगळ्यात स्पष्ट तुकडा बायकांसाठी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा काढ, त्याचं कलम १९ वाच. सुरक्षित जागा देणं हे मालकाचं कर्तव्य, आणि त्यात कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितता धरलेली आहे. म्हणजे गिऱ्हाईकही आलं. पोलिसात जायचं असेल तर तिला मदत करणं हेही मालकाकडेच. दहापेक्षा कमी माणसं म्हणून अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिथे तक्रार जाते. तुझ्याकडे स्वयंपाकाला, साफसफाईला काकी-ताई असतील. त्यांच्यातल्या एकीलाही हे माहीत नसणार, पैज लावतो.

हा कायदा आला कुठून तेही सांगतो, कारण ते ह्या धाग्याच्याच विषयाचं आहे. राजस्थानात भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला जाणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. त्या कामाचा राग म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ज्या कामासाठी पाठवलं त्याच कामापायी हल्ला, आणि पाठवणारं सरकार बाजूला. त्यातून महिला संघटनांची 'विशाखा' याचिका आणि १३ ऑगस्ट १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली.

आता तुझ्या पोराचं. कानाखाली मारणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११५(२), वर्षभर कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अदखलपात्र. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात देईल आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करणार नाही. "पोलिसांनी नुसती एनसी घेतली" म्हणून लोक चिडतात, पण ती फाडून टाकायची गोष्ट नाही. जिवे मारण्याच्या धमकीचं कलम ३५१(३) वेगळं आहे, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून "समुद्रात बुडवीन" हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे, "शिवीगाळ केली" असं गुळमुळीत नाही. आणि रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी बंदी आहे, म्हणजे पोरगा सांगायला गेला ते कायद्याच्या बाजूने होता. हेही कागदावर यायला हवं.

तिसरं, भरपाई. काम चालू असताना आणि कामामुळे इजा झाली तर ती मालकाच्या गळ्यात, हे तत्त्व १९२३ पासूनचं. मग हल्ला म्हणजे अपघात का? एका रिक्षावाल्याचा प्रवाशांनी रिक्षा चोरण्यासाठी खून केला होता. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो खूनही अपघातच धरला, कारण त्यांना हवी होती रिक्षा, माणूस मधे आला तो कामामुळे. निकाल मोटार वाहन कायद्याखालचा, पण आधार घेतला तो कामगार भरपाईच्या जुन्या निकालांचा. उद्या तुझ्या पोराचा कानाचा पडदा फाटला असता तर "मारणारा बाहेरचा" ही तुझी ढाल फार टिकली नसती. कान तपासलास का त्याचा?


माडाखाली | सोमवार, रात्री १०:०२

नाही.


वस्तीची_गाडी | मंगळवार, पहाटे ५:२०

एसटीत वाहक. ज्या गावात गाडी मुक्कामाला आहे तिथूनच लिहितोय, गाडी सुटायला वीस मिनिटं आहेत.

आम्हाला लोक म्हणतात, तुमचं बरं, तुम्ही सरकारी माणसं, हात लावला की गुन्हा. हो, कलम आहे. पूर्वीच्या दंड संहितेचं ३५३, आता न्याय संहितेचं १३२. आणि गंमत बघा, ३५३ ची शिक्षा महाराष्ट्राने पाच वर्षांपर्यंत वाढवली होती, नव्या संहितेत ती परत दोनवर आली. कलमाला कोण विचारतो? रात्री साडेआठला शेवटच्या स्टॉपवर गाडीत मी, ड्रायव्हर आणि एक दारुडा. सुट्ट्या पैशांवरून सुरुवात. तिकिटाचं मशीन हिसकावलं आणि माझ्याच डोक्यात घातलं. दोन टाके.

आता ऐका. पहिल्या खेपेला असं झालं होतं तेव्हा मी एकटा ठाण्यात गेलो. तीन तास बाकावर. गुन्हा नोंदला, पुढे तारखा. प्रत्येक तारखेला रजा माझी, गाडीभाडं माझं. चौथ्या तारखेला वाटलं, आरोपी मीच आहे.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे टाके पडले तेव्हा, आमचे वाहतूक नियंत्रक रात्री साडेदहाला स्वतःच्या मोटरसायकलवरून ठाण्यात आले. वेबिल (फेरीच्या तिकिटांचा हिशेब), तुटलेलं मशीन, ड्यूटी स्लिप सगळं घेऊन. ते अंमलदारासमोरच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "तू दवाखान्यात जा, इथलं मी बघतो." फरक काय पडला विचाराल तर कलम तेच, ठाणं तेच, अंमलदारही तोच. पण त्याने चहा मागवला.

सिस्टर म्हणतात तेच. नाव मालकाचं लागलं पाहिजे. सुटतो, गाडीची वेळ झाली.


दर्यावर्दी_२ | मंगळवार, सकाळी ११:३०

सध्या सुट्टीवर घरी, गुहागर तालुका. मर्चंट नेव्हीत बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमच्या वाडीतून सतरा जण बोटीवर आहेत, म्हणून हा विषय आमच्याकडे चुलीपर्यंत आलेला.

२०११ च्या आसपास सोमाली चाच्यांनी कहर केला होता तेव्हा मी त्या पाण्यातून गेलोय. कंपनी काय करायची? जहाजाच्या कडेने काटेरी तारेची वेटोळी. फायर होज चालू करून पाण्याचा पडदा. इंजिनरूमच्या बाजूला सिटाडेल, म्हणजे आतून बंद करून सगळ्यांनी बसायची जागा, तिथे पाणी, बिस्किटं, सॅटेलाइट फोन. आणि रेलिंगला बुजगावणी! जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून, हेल्मेट घालून, लांबून वाटावं पहारा आहे. एकाला आम्ही चीफ कुकचं नाव दिलं होतं, दोघांची पोटं सारखी.

पण मुद्दा तारेचा नाही, कागदाचा. युनियनच्या करारात लिहिलेलं असतं की युद्धसदृश भागात जायला खलाशी नकार देऊ शकतो, नोकरी जात नाही, घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. गेला तर त्या दिवसांचा जादा पगार आणि मृत्यू-अपंगत्वाची दुप्पट भरपाई. आणि सागरी कामगार करारात २०१८ साली दुरुस्ती झाली, २०२० च्या डिसेंबरपासून लागू: चाच्यांनी धरून ठेवलं तरी पगार चालू राहतो. त्याआधी काही मालक कंत्राटाची मुदत संपली म्हणून ओलीस असलेल्या माणसाचा पगार बंद करायचे. बघा, माणूस कुठल्या थराला जातो.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामावरच्या हिंसेबद्दल वेगळा करारही आहे, क्रमांक १९०, २०१९ चा. त्यात गिऱ्हाईक-पेशंट-प्रवासी ह्या बाहेरच्यांनी केलेली हिंसाही धरलेली आहे. भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

माडाखाली, तुमच्या पोराला "मी जाणार नाही" म्हणता आलं असतं का?


गरवाला | मंगळवार, दुपारी १:१०

बोटीचो विषय निघालो म्हणून. आता शुद्ध भाषेत लिहितो, नाहीतर वरचे पुणेकर अर्थ विचारतात.

आमची पारंपरिक मासेमारी. राज्याच्या हद्दीत, म्हणजे बारा सागरी मैलांत, कोणी कुठे आणि कुठलं जाळं मारायचं त्याला १९८१ चा कायदा आहे. लाईट लावून मासेमारीला केंद्राची २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री समुद्रात बघाल तर क्षितिजावर लग्नाचा मांडव. मग आमची पोरं जाऊन भिडतात. समोरच्या बोटीवर कोण? मालक नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि खलाशी. त्यातले अर्धे नेपाळचे, ओडिशाचे, ज्यांना भांडण कशाचं तेही माहीत नाही. मालक बंदरावर एसीत बसून फोनवर सांगतो, "जाळं सोडू नका, काय होतं ते बघू." दगड, बाटल्या, शिशाचे गोळे उडतात, डोकं फुटतं खलाश्याचं. मग तो बंदरावर उतरतो, हळद लावतो, आणि दुसऱ्या दिवशी परत बोटीवर, कारण उचल घेतलेली असते.

मी त्या बोटींच्या विरुद्ध बाजूचा माणूस आहे. तरी सांगतो, त्या खलाश्यांची दया येते. पाठवणारा कधीच बोटीवर नसतो.


किनारा_होमस्टे | मंगळवार, दुपारी ३:४५

सगळं वाचलं. काही पटलं, काही नाही. जहाज कंपनी आणि नऊ खोल्यांचं रिसॉर्ट एका तराजूत कसं तोलता? आमच्याकडे सिटाडेल बांधू का? केस केली तर तारखेला पुण्या-मुंबईहून तो माणूस येणारच नाही, आम्ही मात्र मालवणच्या कोर्टात ताटकळणार. जो लढा म्हणतो त्याने एकदा मे महिन्यात येऊन गल्ल्यावर बसावं.


वस्तीची_गाडी | मंगळवार, दुपारी ४:३०

सिटाडेल नको. स्वतः उठून अंगणात जायला किती खर्च येतो?


किनारा_होमस्टे | मंगळवार, दुपारी ४:५२

लागलं. पण बरोबर आहे.


सुरमई_थाळी | मंगळवार, संध्याकाळी ६:००

माझी बायको बँकेत आहे, वसुलीला घरोघर जावं लागतं. तिने हा धागा वाचला आणि विचारलं की कोयता घेऊन धावणाऱ्या कर्जदाराचं कलम कुठलं. चेष्टा नाही, खरंच धावला होता. मॅनेजर म्हणाले, पुढच्या वेळी संध्याकाळी जाऊ नका. बस, एवढीच उपाययोजना. टार्गेट तेवढंच.


कलम_बहाद्दर | मंगळवार, रात्री १०:२०

सुरमई, वहिनींना म्हणावं प्रसंग तारीख-वेळेसह बँकेला लेखी कळवा, ईमेलने. तोंडी सांगितलेलं मॅनेजरच्या बदलीबरोबर जातं. मालकाला धोका माहीत होता हे नंतर सिद्ध करायचं असेल तर तो एकच कागद कामाला येतो.

माडाखाली, तुझ्यासाठी. मारहाण पोराला झाली, त्यामुळे त्याचा जबाब आणि तपासणीचा कागद लागेलच, तू एकटा पुरणार नाहीस. पण खबर देणारा तू होऊ शकतोस. तू डोळ्यांनी पाहिलंस, जागा तुझी, आणि रिव्ह्यूची धमकी तुला होती. सीसीटीव्ही असेल तर आजच कॉपी काढ, बहुतेक मशिनं पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं लिहितात. आज दहावा दिवस आहे. ग्रुपचे आधार कार्ड, गाड्यांचे नंबर रजिस्टरला असतीलच.


माडाखाली | शुक्रवार, रात्री ११:३०

तीन दिवस गायब होतो. काय झालं ते सांगतो.

बुधवारी सकाळी पोराच्या घरी गेलो. घर वाडीच्या टोकाला, रस्ता तिथपर्यंत जात नाही, शेवटी बांधावरून चालावं लागतं. आई माडाच्या झापा विणत होती, उठली नाही. पोरगा आत होता. गोव्याला हॉटेलात काम मिळतंय म्हणाला. मी बाकी पगार दिला, पूर्ण महिन्याचा. त्याने बारा दिवसांचेच मोजून घेतले आणि उरलेले परत दिले. मी म्हटलं, कान दुखतो का. म्हणाला, रात्री शिट्टी वाजते. दोन रात्री झोपलेला नव्हता आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी बघितलं, पडद्याला सूज आहे, फाटलेला नाही. कागद घेतला. तिथून ठाण्यात. अंमलदार पहिल्यांदा म्हणाले, "अकरा दिवसांनी? आणि मार ह्याला, तुम्ही कोण?" मी म्हटलं, मालक, मीच पाठवला होता त्याला. हे वाक्य मोठ्याने म्हणताना घसा कोरडा पडला. दीड तास लागला. एनसी झाली, धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा की नाही ते वकील ठरवतील.

त्या माणसाला फोन गेला असणार, कारण गुरुवारी रिव्ह्यू पडला. एक तारा. "स्टाफ उद्धट, मालक खोटारडा." त्याखाली मी काही लिहिलं नाही.

गुरुवारी रात्री सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. ठरवलं ते असं: रात्री दहानंतर गिऱ्हाईकाला काही सांगायचं असेल तर मी जाणार, मी नसलो तर फोन करून मला उठवायचं. कोणी शिवी दिली, अंगावर आलं, तर ताट तिथेच ठेवून आत यायचं, सॉरी म्हणायचं नाही. बुकिंगच्या वेळीच गिऱ्हाईकाला सांगायचं की दहाला स्पीकर बंद. साफसफाईवाल्या काकी गप्प होत्या. सगळे उठल्यावर म्हणाल्या, "दादा, सात नंबरात एकटीन जाऊक नको वाटता कधी कधी." सहा वर्षं आमच्याकडे आहेत. मी कधी विचारलंच नव्हतं. आता खोल्या आवरायला दोघी मिळून जातात, अर्धा तास जास्त लागतो.

आज परत पोराकडे गेलो, एनसीची प्रत द्यायला. त्याने ओटीवर उभ्याउभ्या दोनदा वाचली. खबर देणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून थांबला. मग विचारलं, "दादानू, त्या सीसीटीव्हीत मी सॉरी म्हटलेला पण दिसता काय?"

दिसतं. आवाज नाही, पण दिसतं.

टी-शर्ट मी बरोबर नेला होता. गाडीतून काढला नाही.


खाडीपलीकडची | शनिवार, सकाळी ७:१०

शिट्टी दोन आठवड्यांत थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे ढकलू नका. गोव्याला जाण्याआधीच.


वस्तीची_गाडी | शनिवार, सकाळी ९:४०

पेनड्राइव्हच्या दोन कॉप्या कर. एक पोराकडे दे.